अनुमोदक

मंगळवारी बारा वाजता हरिश्चंद्र जेवणाच्या सुट्टीत प्लांटच्या गेटवर आला. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही. सकाळी गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा आणि दुपारी बाहेर येऊन बघायचा, असा त्याचा एकोणीस वर्षांचा नेम. त्या दिवशी कप्पा उघडला तर सतरा मिस्ड कॉल. सगळे कमलचे. कमल म्हणजे कुवेतच्या सालमियात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी नर्स. तिने कधी त्याला फोन केलेला त्याला आठवत नव्हता.

"भाऊ, कुठे होता तुम्ही?" त्याने फोन लावल्यावर कमल म्हणाली. "वहिनी गेल्या हो."

"कुठे गेली?" हरिश्चंद्रने विचारलं. त्याने खरंच तसं विचारलं.

सुहासिनी, त्याची बायको, सकाळी साडेदहाला गेली होती. स्टेशनरीच्या दुकानात उभी होती. मतदानाच्या टेबलाला आडोसा करायला मोठं खोकं आहे का, असं दुकानदाराला विचारत होती. विचारता विचारताच खाली बसली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडेदहा ते बारा, या दीड तासात हरिश्चंद्रने एक व्हॉल्व्ह दुरुस्त केला होता, चहा घेतला होता आणि फोरमनच्या एका विनोदावर मोठ्याने हसला होता. त्या हसण्याचा राग त्याला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

सुहासिनी कुवेतला येण्याआधी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं शिक्षिका होती. झेडपीच्या शिक्षकाला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. सुहासिनीने ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत नऊ निवडणुका केल्या. बाकीच्या बाया ड्यूटी रद्द करून घ्यायला डॉक्टरांचे दाखले आणत. ही मात्र आदल्या दिवशी पेट्या घेऊन ट्रकमधून जायची, शाळेच्या फरशीवर झोपायची आणि पहाटे उठून सगळ्यांना रिकामी पेटी उलटी करून दाखवायची. "रिकामी आहे हे आधी दाखवायचं असतं," ती म्हणायची. "लोकांचा विश्वास तिथून सुरू होतो."

कुवेतमध्ये तिला नोकरी मिळाली नाही. मग तिने तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा मराठी वर्ग घेतला. दर शुक्रवारी सकाळी, सालमियातल्या एका हॉलच्या मागच्या खोलीत. वर्गात सत्तावीस मुलं. मुलं घरी इंग्रजीत उत्तरं देणारी. हिला 'आंटी' म्हणायला गेली तर ती म्हणायची, "आंटी घरी. इथे बाई." यंदा तिच्या मनाने घेतलं, की मुलांना निवडणूक शिकवायची. पुस्तकातून नाही, करून.

"काय उपयोग?" हरिश्चंद्रने तेव्हा विचारलं होतं. "इथे आपल्याला मत नाही. तिकडचं मत द्यायला विमानाने जावं लागतं. या पोरांना मतपेटी दिसणार कधी?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "ज्याला पाणी दिसत नाही त्याला पोहायला कोण शिकवणार? आणि तुम्ही तर बोलूच नका. मंडळाचे नंदीबैल तुम्ही. गुबूगुबू वाजलं की मान हलली."

यात तथ्य होतं. मंडळाची कार्यकारिणी गेली आठ वर्षं बिनविरोध निवडून येत होती. अध्यक्ष चंद्रहास, पुण्याचे, पेट्रोकेमिकलमधले मोठे इंजिनियर. कार्यवाह स्वप्नाताई. दरवर्षी सभेत स्वप्नाताई सूचना मांडायच्या आणि चंद्रहास समोर बघून म्हणायचे, "अनुमोदन? हरिभाऊ." हरिश्चंद्र बसल्या जागी हात वर करायचा. इतिवृत्तात आठही वर्षं एकच वाक्य होतं: अनुमोदक, श्री. हरिश्चंद्र. त्याला त्याचं थोडं कौतुकही वाटायचं. एवढे इंजिनियर-डॉक्टर बसलेत आणि अनुमोदन आपल्यासारख्या आयटीआयवाल्याचं.

सुहासिनीची निवडणूक मात्र तसली नव्हती. वर्गाचा एक बालप्रतिनिधी निवडायचा. त्याने महाराष्ट्र दिनाला मुलांच्या वतीने भाषण करायचं आणि वर्षभर मुलांचं म्हणणं कार्यकारिणीपुढे मांडायचं. तिने मतदारयादी केली. अर्ज भरून घेतले. अर्ज मागे घ्यायची मुदत फळ्यावर लिहिली: शुक्रवार, सकाळी अकरा. मुदत संपली तेव्हा तीन उमेदवार राहिले. स्वप्नाताईंची ओवी, राजन डॉक्टरांचा प्रणय, आणि फरवानिया भागात राहणारी जवेरिया. मतदान पुढच्या शुक्रवारी. मतदानाला येताना प्रत्येकाने आपलं बताका, म्हणजे सिव्हिल आयडीचं कार्ड आणायचं. ज्याच्याकडे नाही त्याला मत नाही. "आणि कोणाला मत दिलं ते आईलासुद्धा सांगायचं नाही," ती म्हणाली होती. त्यावर एका आईने तक्रारही केली होती.

तो शुक्रवार तिने पाहिला नाही. मतदान राहून गेलं.

पुढची कामं हरिश्चंद्रने केली. वकिलातीत तिचा पासपोर्ट रद्द झाला. शवपेटी विमानाने नाशिकला नेली. पुण्यात शिकणारी मुलगी क्षितिजा आली, तिच्या गळ्यात पडून रडायचं तेवढं रडून झालं. तेराव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना चंद्रहासचा फोन आला.

"हरिभाऊ, काळजी घ्या. आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत. वहिनींच्या स्मरणार्थ मुलांच्या वर्गाचं एक काहीतरी ठरवतोय. तुमचं अनुमोदन धरू ना?"

"धरा," हरिश्चंद्र म्हणाला.

काय ठरवताय, हे त्याने विचारलं नाही. पंगत बसायची होती, आणि अनुमोदन म्हटलं की त्याच्या तोंडून हाच शब्द निघत आला होता.

तो बुधवारी कुवेतला परत आला. गुरुवारी सकाळी कमल डबा घेऊन आली. "उद्या हॉलवर शोकसभा आहे, भाऊ. मंडळाचे सगळे येतील." मग दारात थांबून म्हणाली, "हफिजा नाही येणार म्हणे. तुमच्यावर रागावलीये."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"ते तिलाच विचारा. मी मध्ये पडत नाही."

हफिजा म्हणजे जवेरियाची आई. राजापूरची. एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी चंद्रहासपेक्षा स्वच्छ. सुहासिनीचं आणि तिचं चांगलं जमायचं. हरिश्चंद्र बसने फरवानियाला गेला. हफिजाने दार उघडलं, पाणी दिलं, सुहासिनीसाठी डोळे पुसले. रागाचं काही बोलेना.

शेवटी त्यानेच विषय काढला. "हफिजाबाई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं कसं चुकेल, भाऊ? तुमच्या घरचं दुःख. तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणालो?"

हफिजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "स्वप्नाताईंचा फोन आला. म्हणाल्या, बाईंना श्रद्धांजली म्हणून मुलांची निवडणूक बिनविरोध करायची आहे. प्रणयच्या वडिलांनी अर्ज मागे घेतला, आता तुमच्या जवेरियाचाही घ्या. मी म्हटलं, बाईंनी सहा आठवडे पोरांकडून घासून घेतलंय, मतदान तरी होऊ दे. तर म्हणाल्या, हरिभाऊंचीच तशी इच्छा आहे, त्यांचं अनुमोदन आहे. बाईंच्या आत्म्याला शांती मिळू दे. आता सांगा, मेलेल्या माणसाच्या नावाने मागितलं तर मी नाही कसं म्हणू? माझ्या पोरीने सहा दिवस भाषण पाठ केलं होतं. मी तिला म्हटलं, गप बस, बाईंसाठी."

हरिश्चंद्रच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी असं म्हटलंच नाही, असं तो म्हणणार होता. पण तो 'धरा' म्हणाला होता. तो शब्द त्याचाच होता.

आतल्या खोलीतून जवेरिया बाहेर आली. बारा वर्षांची, अंगाने बारकी, चष्मा. हातात सुहासिनीने वाटलेला नियमांचा कागद.

"अंकल, एक डाऊट आहे."

"जवेरिया!" हफिजा ओरडली.

"असू दे. विचार."

"बाई म्हणाल्या होत्या, अर्ज मागे घ्यायची डेडलाईन फ्रायडेला अकरा वाजता संपली. हे बघा, त्यांनी लिहिलंय. मग ममाने माझा अर्ज दोन वीकनंतर मागे घेतला, तो कसा गेला? आणि अर्ज माझा आहे. माझी सही आहे. ममाची नाही."

हरिश्चंद्रने कागद वाचला. खाली नियम पाच: मुदतीनंतर माघार नाही. उमेदवारानेच सही करायची, आईबाबांनी नाही. सुहासिनीचं गोल अक्षर.

"तुझा अर्ज कुठेही गेलेला नाही," तो म्हणाला. "उद्या दोघी या. मी सांगतो म्हणून या."

"तुम्ही सांगता म्हणूनच तर गेला होता," हफिजा म्हणाली.

त्याने कागद जवेरियाला परत दिला.

शुक्रवारी हॉल भरला. समोर सुहासिनीचा फोटो, हार, समई. मुलं पुढच्या रांगांत. हफिजा जवेरियाला घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. तीन-चार जण बोलले. सगळे म्हणाले, हसतमुख व्यक्तिमत्त्व. सुहासिनी हसतमुख मुळीच नव्हती. ती तोंडावर बोलायची आणि चुकीचं दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. या माणसांनी तिला कधी पाहिलंच नाही की काय, असं हरिश्चंद्रला वाटलं.

मग चंद्रहास उठले. खादीचा कुर्ता, हळू आवाज.

"मित्रहो, दिवंगत सदस्याच्या सन्मानार्थ जागा बिनविरोध सोडायची, ही आपल्या महाराष्ट्राची थोर परंपरा आहे. सुहासिनीवहिनींनी मुलांसाठी सुरू केलेली निवडणूक यंदा आपण त्याच भावनेने बिनविरोध करतो आहोत. इतर दोन उमेदवारांनी मोठ्या मनाने माघार घेतली आहे. बालप्रतिनिधी म्हणून कुमारी ओवीची निवड जाहीर करण्याचा ठराव मी मांडतो. अनुमोदन?" त्यांनी नेहमीसारखं समोर पाहिलं. "हरिभाऊ."

हरिश्चंद्र उभा राहिला. आठ वर्षांत तो अनुमोदनाला पहिल्यांदाच उभा राहिला.

"माझं अनुमोदन नाही."

खुर्च्या करकरल्या. स्वप्नाताई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "हरिभाऊ, फोनवर तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. न विचारता म्हणालो. ती माझी चूक, ती मी सगळ्यांसमोर कबूल करतो. आणि अनुमोदन मागे घेतो."

"हरिभाऊ, आपण दुःखात आहात," चंद्रहास म्हणाले. "बसा."

"दुःखात आहे, बहिरा नाही. बिनविरोध सोडतात ती मेलेल्या माणसाची जागा. माझी बायको उमेदवार होती का? ती निवडणूक घेणारी होती. एकदा नांदूरला मतदान चालू असताना त्यांचे केंद्राध्यक्ष चक्कर येऊन पडले. त्यांना दवाखान्यात नेलं आणि हिने त्यांची खुर्ची घेतली. मतदान वीस मिनिटं थांबलं. वीस मिनिटं! अधिकारी पडला तर दुसरा बसतो. निवडणूक काय सती जात नाही त्याच्याबरोबर."

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"आणि माघार म्हणता, तर माघारीची मुदत संपली होती. जवेरियाला विचारा, नियम पाच. बारा वर्षांच्या मुलीला कळतं ते इथे कोणाला कळलं नाही?"

राजन डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "वाद नको. मी देतो अनुमोदन." आणि त्यांनी हात वर केला. कसं सोपं असतं! आठ वर्षं आपण हेच करत होतो, हे हरिश्चंद्रला त्या वर गेलेल्या हाताकडे बघून कळलं.

"ठराव संमत," चंद्रहास म्हणाले. "आता आपण सर्व जण उभे राहून वहिनींना दोन मिनिटं शांततेत श्रद्धांजली वाहूया."

सगळे उभे राहिले. हरिश्चंद्र उभाच होता. आता तोंड उघडलं तर बायकोच्या श्रद्धांजलीत बोलणारा नवरा ठरणार. चंद्रहासनी त्याच्या तोंडावर त्याच्याच बायकोचा हात ठेवला होता. तो घड्याळाकडे बघत दात आवळून उभा राहिला. दोन मिनिटं पुरी झाली, लोक बसायला लागले आणि तो बोलला.

"शांतता झाली ना तुमची? आता ऐका. तुम्ही माझ्या बायकोच्या नावाने फोन केलेत. एका आईला सांगितलंत, की तुझी मुलगी मागे हटली तर मेलेलीला शांती मिळेल. याला आमच्याकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. पुण्यात काय म्हणतात मला माहीत नाही."

"हरिभाऊ!" दोन-तीन आवाज एकदम आले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून ओवी उठली. "मला नकोय ते. कोणी व्होटच केलं नाही. बाई म्हणाल्या होत्या, ओवी, हरायची पण प्रॅक्टिस कर. मी केली होती."

"ओवी, खाली बस," स्वप्नाताई म्हणाल्या.

"नाही, मम्मी. इट्स नॉट फेअर. प्रणयलाही विचारा."

प्रणयने मान खाली घातली आणि म्हणाला, "मला तर माहीतच नव्हतं मी विथड्रॉ केलंय."

या वेळी हॉल हसला. पण ठराव संमत झाला होता आणि चहा आला होता. लोक चहाकडे गेले. त्यातले काही जाताना हरिश्चंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर बोललात." त्याने प्रत्येकाला विचारलं, "मग विरोधात हात का नाही वर केलात?" त्यावर कोणी म्हणालं, मुलांच्या परीक्षा आहेत. कोणी म्हणालं, चंद्रहासकडे नोकरीचं काम आहे.

चंद्रहासनी त्याला व्हरांड्यात गाठलं. आवाज तसाच हळू.

"तुम्ही समजून घ्या, हरिभाऊ. निकाल काय लागणार होता, आम्हाला माहीत होतं. मुलांना ती जवेरिया आवडते. मुलगी हुशार आहे, माझं काही म्हणणं नाही. पण बालप्रतिनिधी गणपतीत आरतीचं ताट धरतो. उद्या तिच्याच घरच्यांना अवघड वाटायचं. आम्ही त्यांचाच विचार केला. शिवाय परक्या देशात निवडणूक, मतदान असले शब्द कशाला?"

"शब्दाची भीती होती तर बिनविरोध हा शब्द कुठून आणलात?" हरिश्चंद्र म्हणाला. "आणि घरच्यांचा विचार केलात, तर घरच्यांना विचारलंत का? त्या तिथे उभ्या आहेत. चला, विचारू."

चंद्रहास आले नाहीत. हरिश्चंद्र एकटा हफिजाकडे गेला आणि त्याने जसंच्या तसं सांगितलं.

"भाषण जवेरियाने केलं असतं, ताट ओवीने धरलं असतं," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम होतं. आमच्या गल्लीत आम्ही असंच करत मोठे झालो. हे मोठे इंजिनियर ना?" मग पर्स उचलून म्हणाली, "भाऊ, तुम्ही बोललात ते बरं केलंत. पण माझी पोर हरली नाही आणि जिंकलीही नाही. तिला मी घरी जाऊन काय सांगू, ते मला सांगा."

जवेरियाने मात्र त्याला वेगळंच विचारलं. "अंकल, मग मतदान कधी?"

त्या आठवड्यात हरिश्चंद्रने कार्यकारिणीला पत्र लिहिलं. त्याला लिहायची सवय नाही. साधं लिहिलं. नियम पाचप्रमाणे तिन्ही अर्ज कायम आहेत. निवडणूक अधिकारी वारल्या आहेत, तरी दुसरा नेमावा आणि मतदानाची तारीख द्यावी. उत्तर आलं नाही. त्याने दुसरं पत्र दिलं. त्याला स्वप्नाताईंचं उत्तर आलं, की विषय ठरावाने संपलेला आहे, पुढच्या वर्षी बघू. तिसरं पत्र त्याने चंद्रहासच्या हातात दिलं आणि पोच मागितली. चंद्रहास हसले. पोच दिली नाही.

महाराष्ट्र दिनाला ओवी स्टेजवर गेली नाही. आजारी आहे, असं घरच्यांनी सांगितलं. ती तिसऱ्या रांगेत जवेरियाशेजारी बसून सामोसा खात होती. मुलांच्या वतीने भाषण चंद्रहासनी केलं. ते छप्पन्न वर्षांचे आहेत. 'आम्ही बालके' असा शब्द त्यांनी चार वेळा वापरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हरिश्चंद्र टाळ्या न वाजवता बसला होता. जूनमध्ये मंडळाची वार्षिक सभा झाली. स्वप्नाताईंनी सूचना मांडली आणि अनुमोदन राजन डॉक्टरांनी दिलं. हरिश्चंद्रने विरोध नोंदवा म्हणून सांगितलं. विरोध एकच होता म्हणून नोंदवला नाही. ठराव एकमताने संमत, असं इतिवृत्तात छापून आलं. आता बाजारात भेटल्यावर मंडळाची माणसं त्याच्याशी तब्येतीचं बोलतात आणि घाईत असतात.

मराठी वर्गाला नवीन शिक्षिका आल्या आहेत. त्या शुद्धलेखन घेतात. उमेदवार तिघे आहेत, यादीत सत्तावीस मतदार आहेत, आणि मतदान अजून झालेलं नाही.